केसपेपरची मागची बाजू

जागतिक सीओपीडी दिन, म्हणजे धाप-खोकल्याच्या जुनाट फुप्फुसविकाराचा दिवस, नोव्हेंबरात येतो. मुहूर्त काढणारा हुशार असणार. दिवाळी उरकली की शिरूर कासार तालुक्यातले ऊसतोडीचे कोयते ट्रॅक्टरात बसून साखर कारखान्यांकडे निघतात. गावात राहतात नातवंडं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्या, म्हणजे ज्या खोकतात त्याच. त्या दिवसाचा फलक वाचायला कुणीतरी हवंच.

या आज्यांनी जन्मात बिडीला हात लावलेला नसतो. ओढला तो चुलीचा धूर. घरी तुराट्या-पऱ्हाट्यांचा, फडावर कोपीतला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं: जगात धूम्रपान करणारे शंभर कोटींच्या आसपास, चुलीसारख्या धुरात जगणारे तीनशे कोटी. तरी दवाखान्यात पहिला प्रश्न, "मावशी, तंबाखू?" मिसरी म्हटलं की गुन्हा कबूल!

दुसरा प्रश्न, धाप लागते का? लागते. पंप घ्या. पुढचा पेशंट.

दुखतं कुठं, हे विचारायचं राहतंच. हवा अडकून छाती फुगली की मान, खांदे, बरगड्यांमधले स्नायू श्वास ओढायला जुंपले जातात. रात्रंदिवस, एकही खाडा न करता. मग ते ठणकणारच. घरचे म्हणतात, वय झालं. ठणक्यानं श्वास उथळ होतो, धाप वाढते. धापेनं मरणाची धास्ती बसते, धास्तीनं श्वास आणखी भरभर चालतो आणि आधीची हवा निघायच्या आत नवी कोंबली जाते. रात्र भिंतीला टेकून काढायची.

या धास्तीचा सरकारी कार्यक्रम मात्र वेगळा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. चांगलंच आहे. फक्त चार शब्दांनंतर जिला थांबावं लागतं, तिनं फोनवर मन कसं मोकळं करायचं?

एक बिनपैशाचा इलाज आहे. नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत, कोंडलेली हवा निघते, जीव थाऱ्यावर येतो. उभा जन्म फुंकणी फुंकलेल्या बाईला हे शिकवायला कितीसा वेळ लागेल? पण तेवढा वेळ शेजारी बसणार कोण? बाहेर रांग आहे.

तेव्हा यंदा फलक थोडा लहान करा आणि दोनच प्रश्न वाढवा: कुठं दुखतं, झोप लागते का? उत्तर लिहायला रकाना नाही म्हणाल, तर केसपेपरची मागची बाजू कोरीच असते.