रात्रीच्या थ्री-फेजसाठी बॅटरी कशी निवडावी

सदर मार्गदर्शन बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील, विशेषतः भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतील अशा शेतकऱ्यांसाठी आहे, ज्यांचे घर गावात, मोटार विहिरीवर आणि थ्री-फेज मध्यरात्री असते. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे आणि ती दिवसाकाठी सात तास थ्री-फेज द्यावी असे धोरण आहे. दिवसाकाठी म्हणजे दिवसाच, असे धोरणात लिहिलेले नाही. फुकटच्या वस्तूला वेळ विचारू नये, एवढा शहाणपणा आपल्याकडे सर्वांना आहे. तेव्हा प्रश्न उरतो फक्त अंधारात विहिरीवर नेण्याच्या बॅटरीचा.

खरेदीला निघण्यापूर्वी अर्जदाराने आपण कोणत्या वर्गात मोडतो ते ठरवावे. पहिला वर्ग वर्षातून एकदा गाणगापूरला जाणाऱ्यांचा. पहाटे भीमा-अमरजा संगमाकडे चालत जायचे, स्नान करून यायचे, मग बॅटरी उरलेले वर्ष कपाटात. दुसरा वर्ग रात्री उसाला नाहीतर हरभऱ्याला पाणी देणाऱ्यांचा. तिसरा जागलीवाल्यांचा, त्यांचा व्यवहार रानडुकरांशी असतो. चौथा वर्ग पाहुण्यांना दाखवण्यासाठी बॅटरी बाळगणाऱ्यांचा. त्यांना हे मार्गदर्शन लागू नाही. त्यांनी सर्वांत मोठा आकडा छापलेला सेल घ्यावा आणि सुखी राहावे.

आता त्या आकड्याचे बघू. हल्लीच्या लहान बॅटरीत जो अंगठ्याएवढा जाड सेल असतो त्याला अठरा-सहाशेपन्नास म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तो लिथियम-आयन जातीचा. सोनीने १९९१ साली या जातीचा पहिला सेल बाजारात आणला. २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना या शोधासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जगातल्या नावाजलेल्या कारखान्यांनी इतकी वर्षे डोके खपवूनही या मापाच्या सेलला ३,५०० ते ३,६०० एमएएचच्या पुढे फारसे नेता आलेले नाही. आपल्या आठवडी बाजारात मात्र ९,९०० एमएएचचा सेल ताडपत्रीवर ढिगाने मिळतो. नोबेल समितीला याचा पत्ता नसावा.

"मामा, ये लेव. नौ हजार नौसो."

"ह्याच्यापेक्षा जास्तीचा नाही का?"

"हौ, है ना. बारा हजार."

दर तोच. दोन्ही सेल एकाच पोत्यातले, वेष्टन तेवढे निळ्याचे हिरवे. अर्जदाराने आणखी पाच मिनिटे घासाघीस केली असती तर पंधरा हजारही निघाले असते. यात विक्रेत्याचा दोष नाही. तो आकडा त्याने वाचलेला असतो, मोजलेला नसतो.

म्हणून नियम पहिला: सेल वाचू नये, तोलावा. खरा अठरा-सहाशेपन्नास ४५ ते ५० ग्रॅम भरतो. बारा हजारवाला बहुधा त्याहून बराच हलका निघतो, कारण आतले भांडे लहान असते आणि उरलेली जागा भरायला काहीही चालते. हातावर फरक कळत नसेल तर बाजारातल्या सराफाकडे जावे. तुरीचे पैसे आले की आपण तिथे जातोच, त्यामुळे तो ओळखतो. त्याचा काटा ग्रॅमचाही भाग दाखवतो. काचेच्या पेटीतल्या त्या चकचकीत ताटलीत सेल आडवा ठेवायचा, दार लावायचे आणि आकडा थांबेपर्यंत श्वास रोखायचा. सराफ वर बघेल, काही बोलणार नाही. लोकांनी याहून विचित्र वस्तू त्याच्याकडे तोलून घेतलेल्या असतात. तोलण्याबरोबर सेलवर किंवा खोक्यावर बीआयएसचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. छापणारा तेही छापू शकतो, पण निदान कष्ट तरी घेतो.

नियम दुसरा उजेडाचा, आणि मोठमोठे लोक इथेच फसतात. बॅटरी 'जास्त वेळ चालणारी' हवी असते आणि झोत शेजाऱ्याच्या शेतापलीकडच्या लिंबाच्या शेंड्यावर पडायला हवा असतो. दोन्ही एकदम मिळत नाही. हिशेब सरळ आहे. ३,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे साधारण ११ वॅट-तास. बरा एलईडी एका वॅटला शंभरेक ल्युमेन देतो. हजार ल्युमेनचा झोत मारला की तासाभरात सेल खलास, आणि मालक अंधारात पाटाच्या मधोमध. तीच बॅटरी दीडशे ल्युमेनवर ठेवली तर दीड वॅट खाते आणि सात तासांवर थोडी जास्तच चालते. सात तास थ्री-फेज, सात तास सेल. सृष्टीत असा मेळ क्वचितच बसतो.

दीडशे ल्युमेनमध्ये बांध दिसतो, फुटलेले दारे दिसते, आणि पाचोळ्यात वेटोळे करून घोणस बसली असेल तर तीही दिसते. फक्त उजेड पावलापुढे मारावा लागतो. दोन्ही हातांत खोरे असते, म्हणून कपाळाला बांधायची बॅटरी उत्तम. ती लावून रात्री दोनला घरी परतल्यावर कुत्री ओळख दाखवत नाहीत, एवढाच दोष. बॅटरी पाटात पडणार हे गृहीत धरून आयपीएक्स-७ लिहिलेली घ्यावी, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये. बीदरला झरणी नरसिंहाच्या दर्शनाला भुयारातल्या छातीभर पाण्यातून जाणाऱ्यांनाही हेच माप पुरे.

गाणगापूरवाल्यांचे शास्त्र वेगळे. त्यांच्या बॅटरीत पेन्सिल सेल असतात. साधे जुने निकेल-मेटल हायड्राइड सेल कपाटात पडल्या पडल्याच रिकामे होतात आणि पुढच्या यात्रेला मालक काळोखात दत्ताचा धावा करतो. सान्योने २००५ साली कमी गळणारे सेल आणले. ते वर्षभर ठेवले तरी बराचसा साठा राखून असतात. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' लिहिलेले असेल तर ते त्या जातीचे समजावे. हे सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात म्हणून नाक मुरडू नये. साधा दीडचा सेलही वापरात येताच हळूहळू तिथवर उतरतो, फक्त आधी गाजावाजा करतो. वर्षात एकच पहाट असेल तर मात्र दुकानातून साधे अल्कलाइन सेल आणावेत. चार्जर घेऊन उगाच शास्त्रज्ञ होऊ नये.

पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा एक लिथियम सेल मिळतो. तो चुलत भावासारखा हुबेहूब दिसतो, पण ३.७ व्होल्टचा आहे. दीड व्होल्टच्या बॅटरीत तो घातला की एकदाच भव्य उजेड पडतो.

आजोबांची तीन मोठ्या सेलची पितळी बॅटरी घरात असेल तर ती विकू नये. एव्हरेडीने तशा बॅटरीचे नाव 'जीवनसाथी' ठेवले होते, आणि रात्री दोन वाजता बांधावर सोबतीला कोण असते याचा विचार केला तर नावात काही चूक नव्हती. मागून दोन पिना काढून भिंतीत खुपसायच्या त्या प्लास्टिकच्या बॅटरीबद्दल मात्र कडक सूचना आहे. तिच्यात बहुधा चार व्होल्टचा छोटा लेड-ॲसिड सेल असतो. त्याला रिकामे राहणे सोसत नाही. सुगी झाली म्हणून रिकामीच माळ्यावर टाकली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरते, आणि मृग निघाला की ती फक्त ढेकळे फोडायच्या कामाची उरते. दर महिन्याला तिला वीज पाजावी. लिथियमचे उलटे: त्याला पूर्ण भरून उन्हात ठेवलेले सोसत नाही. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याची खोली आणि मोटारसायकलची डिकी या दोन जागा सेल मारण्यासाठी राखीव समजाव्यात. अर्धा भरून, मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवावा.

चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा असावा. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर करावे. उशाखाली किंवा कडब्याच्या गंजीजवळ करू नये. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, आणि सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात घालू नये. धोतर नेसणाऱ्यांना ही अडचण येत नाही. फुगलेला किंवा गरम लागणारा सेल चुलीत टाकू नये, विहिरीत तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. हे ताडपत्रीवाल्याला सांगून पाहावे. तो हसेल, पण सेल ठेवून घेईल. त्याच्या पोत्यात जागा असते.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१९ साली पीएम-कुसुम योजना निघाली. तीत फिडरच सौर विजेवर चालवायचीही सोय आहे. आपल्या फिडरचा नंबर कधी आहे ते लाइनमनला विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. ज्या गावात सात तास थ्री-फेज दिवसा येऊ लागेल, त्या गावापुरते हे मार्गदर्शन त्याच दिवसापासून रद्द समजावे.