वारसा वृक्ष आणि पोडियम पार्किंग

खोपटला राहतो म्हटलं की पाहुणा विचारतो, ‘एसटी स्टँडजवळ का?’ आता तसं म्हणायचं नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकानुसार आम्ही ‘जुन्या ठाण्याच्या हिरव्या कुशीत’ राहतो. इतिहासही हाताशी आहे: 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती. तिचं भाडं आम्ही अजून चौरस फुटामागे भरतो आहोत.

इमारतीने तिशी ओलांडली की कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट. झाडाने पन्नाशी गाठली की राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनुसार ते ‘वारसा वृक्ष’. (माणसाने साठी ओलांडली की पुनर्विकासाच्या सभेत पुढची खुर्ची.) तरीही झाड तोडायचंच ठरलं, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. आमच्या आवारातला साठ वर्षांचा पिंपळ, साठ रोपं. हिशेब चोख. फक्त पिंपळाच्या जागी पोडियम पार्किंग येणार असल्याने रोपांनी आपली सावली दुसरीकडे कुठेतरी धरायची आहे. पुनर्विकासातल्या नव्या टॉवरला पिंपळाचं नाव द्यायचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. पुढचा वाद सगळा दुसऱ्या गाडीच्या जागेवरून.