कल्ले मागे, पाठांतर पुढे

प्रोसोब्रँकिया, ऑपिस्थोब्रँकिया, पल्मोनाटा. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांच्या कित्येक पिढ्यांनी गोगलगायींचे हे तीन उपवर्ग घोकले. रंगीबेरंगी, बहुधा शंख नसलेले सी-स्लग यांतल्या मधल्या खणात. अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही. आणि आता तो खणच शास्त्रज्ञांनी मोडीत काढला आहे, तरी जुन्या पुस्तकांतून आणि नोट्समधून तो अजून परीक्षेला येतो.

खरं तर शब्द सुंदर आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्‌स यांनी 1848 मध्ये तो घडवला. ग्रीक 'ऑपिस्थेन' म्हणजे मागे, 'ब्रँकिया' म्हणजे कल्ले. कशाच्या मागे? हृदयाच्या. गोगलगायीची अळी वाढताना तिच्या धडाला 180 अंशांपर्यंत पीळ पडतो. कल्ले आणि गुदद्वार पुढे, डोक्यावर येतात. सी-स्लगमध्ये हा पीळ कमी-अधिक उलगडतो आणि कल्ले पुन्हा मागे जातात. म्हणजे एका शब्दात एका प्राण्याच्या वाढीची अख्खी गोष्ट आहे. ती न सांगता नुसता शब्द पाठ करून घेणं हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, आणि सी-स्लगवरही.

मग खण का मोडला? कारण कल्ले मागे असले म्हणजे रक्ताचं नातं असतंच असं नाही. पीळ उलगडणं, शंख आक्रसणं हे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडलं. जनुकं तपासल्यावर नात्यांची मांडणीच बदलली. शैवालाचा रस शोषून त्यातली हरितलवकं अंगात जिवंत ठेवणारी एलिशिया दिसायला पक्की सी-स्लग. पण 2010 च्या विश्लेषणात तिचा गट नुडिब्रँक सी-स्लगपेक्षा जमिनीवरच्या गोगलगायींना जवळचा निघाला. पुढच्याच वर्षी मायकेल श्र्योडल आणि सहकाऱ्यांनी वाळूच्या कणांमधल्या फटींत राहणाऱ्या चिमुकल्या सी-स्लगवर शोधनिबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'ऑपिस्थोब्रँकिया'ला 'बाय बाय' केलं. आज सी-स्लग आणि जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी 'हेटेरोब्रँकिया' या मोठ्या गटात एकत्र नांदतात.

दीडशेहून अधिक वर्षं वापरलेलं नाव पुरावा समोर येताच खाली ठेवता येतं, हे विज्ञानाचं सर्वांत मोठं बळ. नेमकं तेच आपण वर्गात शिकवत नाही. आपण निष्कर्ष शिकवतो, आणि तोही शिळा. मिल्न-एडवर्ड्‌स यांनी काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं आणि ते कशामुळे टिकलं नाही, हे शिकायला एक तास पुरतो. त्या तासातून विद्यार्थ्याला जे मिळेल, ते तीन उपवर्गांची यादी कधीच देणार नाही.

साधनं नाहीत, ही सबब किनाऱ्यावरच्या कॉलेजांनी तरी देऊ नये. मुंबई-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला सी-स्लग डबक्यांत दिसतात. मुलांना तिथे न्या. प्राण्याला हात न लावता कल्ले शोधायला सांगा. आणि पेपर काढणाऱ्यांनी 'तीन उपवर्ग लिहा' हा प्रश्न कायमचा काढून टाकावा. त्याजागी विचारावं: 'ऑपिस्थोब्रँकिया हा गट का मोडला?' उत्तर लिहिणाऱ्याला विचार करावा लागेल. परीक्षा त्यासाठीच असते.