क्रूझ काटकसरीने : लांजेकरांसाठी काही सूचना

लांजा तालुक्याला समुद्र नाही. किनारा रत्नागिरी आणि राजापूरने आपसात वाटून घेतला, आमच्या वाट्याला सह्याद्रीचा पायथा, महामार्गाची धूळ आणि फणस आले. त्यामुळे समुद्रपर्यटनाची हौस लांजेकराला इतर कोकण्यांपेक्षा जास्त असणं साहजिक आहे आणि त्या हौसेवर कमीत कमी पैसे घालवावेसे वाटणं त्याहून साहजिक. ज्यांच्या घरात कोणीतरी मोबाइलवर जहाजाचा व्हिडिओ पाहिला आहे आणि ज्यांना आता सुटका नाही, अशा कुटुंबप्रमुखांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी भूगोल. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोव्याला सुटू लागलं. लांज्याहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, उत्तरेला. गोवा दोनशेच्या आसपास, दक्षिणेला. म्हणजे गोव्याला जाण्यासाठी आपण गोव्याकडे पाठ करून निघायचं, मुंबईत जहाजात बसायचं आणि जहाज रात्री कधीतरी पूर्णगडासमोरून, जिथे आपल्याच तालुक्यातली मुचकुंदी समुद्राला मिळते तिथून, जात असताना गाढ झोपेत असायचं. हा मुद्दा कितीही बिनतोड वाटला तरी घरात काढू नये. काढणाऱ्याला ‘तुम्हाला न्यायचंच नाहीये’ हे वाक्य ऐकावं लागतं आणि मग बाल्कनीवाली केबिन घेऊनच परिमार्जन होतं.

केबिनचं म्हणाल तर सगळ्यात स्वस्त असते ती आतली, बिनखिडकीची. विक्री करणारा माणूस तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. आपण बिचकू नये. कोकणातल्या माणसाचं बाळंतपणापासून आजारपणापर्यंतचं सगळं आयुष्य माजघरात गेलेलं असतं आणि माजघराला खिडकी नसल्याची तक्रार कोणी ऐकलेली नाही. शिवाय खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी जास्त पैसे भरून वरच्या मजल्यावर जाणं म्हणजे विकतची ओकारी. आलेपाक आणि आवळासुपारी घरूनच न्यावी.

एका केबिनमध्ये तिसरा आणि चौथा माणूस स्वस्तात किंवा मोसम पडेल असेल तेव्हा जवळजवळ फुकट जातो. म्हणून कुटुंब चारच्या पटीत असावं. सहा जणांचं कुटुंब हे क्रूझच्या दृष्टीने अडचणीचं. अशा वेळी एक तर दोन पाहुणे जोडून घ्यावेत किंवा दोघांना गुरांपाशी ठेवावं. आजीला ‘तिसरी’ म्हणून न्यावं, ‘पहिली’ म्हणून नव्हे. मात्र एक ध्यानात असू द्या : भाडं माफ झालेल्या आजीवरही बंदराचा आकार आणि जीएसटी लागतोच. जाहिरातीतला आकडा बघून ज्यांनी पावणेदोन एकर काजू त्या वर्षापुरते मनातल्या मनात विकले, त्यांना शेवटच्या पानावर हे दोन आकडे भेटतात. बक्षिशीचा तिसरा आकडा वेगळा.

मोसम कधी धरायचा? मे महिना बाद. मे महिन्यात चाकरमानी लांज्यात येतात. त्यांना कुलपं दाखवून आपण मुंबईला जाणं शोभत नाही. पावसाळ्याचं तर विचारूच नका. जुन्या किनारी बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असत आणि दर्या शांत झाल्यावर पुन्हा सुरू होत. गणपतीत जायचा विषयच काढायचा नाही. दिवाळी आणि नाताळ महाग. उरले दसऱ्यानंतरचे आणि थंडीतले आठवड्यामधले दिवस, सोमवार ते गुरुवार, जेव्हा दर खाली येतात आणि नेमकी शाळेत चाचणी असते. रजेच्या अर्जात ‘घरी कार्य आहे’ असं लिहावं. ते खोटं नाही. एवढे पैसे कार्याशिवाय कोणी खर्च करत नाही.

तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय बघणं अनिवार्य आहे. भाड्यात सकाळचा नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं. ज्या घरात संकष्टी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात, त्या घराने तिथी न पाहता बुकिंग केलं, तर दोन माणसांचं भरलेलं जेवण जहाजावर तसंच राहतं आणि कुटुंबप्रमुख ते भरून काढण्यासाठी एकटाच तिघांचं खातो. याचे परिणाम आतल्या केबिनमध्ये तिघांनाही भोगावे लागतात. दर्यावरच्या बुफेत मासे मिळतात, पण रत्नागिरीच्या जेटीवरून ताजी सुरमई आणणाऱ्या माणसाने त्यांच्याशी मनातल्या मनातही तुलना करू नये. पैसे भरले आहेत, निमूटपणे घ्यावेत. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तपासणीत बॅगा यंत्रातून जातात. तेव्हा तळलेल्या गऱ्यांची पिशवी साडीच्या घडीत दडवण्याचा विचार सोडून द्या. पाणी तापवायची किटली आणि इस्त्रीसुद्धा आत नेता येत नाही.

मुंबईपर्यंतचा प्रवास एसटीने करावा आणि त्यासाठी कुटुंबाची रचना शास्त्रशुद्ध हवी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मा. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं. म्हणजे आजी, आई, आत्या आणि दोन नाती अशी तुकडी नेली तर पूर्ण भाडं भरणारा घरात एकच प्राणी उरतो. त्याला घरी ठेवता आलं तर हिशोब आणखी सुंदर होतो, पण मग पैसे कोण भरणार हा प्रश्न येतो. विलवडे स्थानकावर थांबणाऱ्या गाडीनेही जाता येतं. मात्र रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये काढून घेतली ती अजून दिलेली नाही, तेव्हा आजी असेल तर एसटीच.

मुंबईत हॉटेल घ्यायचं नाही. गिरणगावात कोकणातल्या गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या, त्यात पिढ्या राहिल्या आणि घरी मनीऑर्डरी धाडत राहिल्या. त्या पिढ्यांची नातवंडं आता विरारला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला आहेत. दर मे महिन्यात ती आपल्या घरी येऊन आंबे खातात. परतफेडीची वेळ आली आहे असं समजावं. बरोबर नारळ, आमसुलं आणि फणसपोळी न्यावी. हे खर्चात धरू नये, ते झाडाला लागतं.

जहाजावर एक धोका आहे आणि तो समुद्राचा नव्हे. तिथे रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, सही करायची, हिशोब शेवटच्या दिवशी. किराणा दुकानातल्या वहीवर उधार मांडण्याची सवय असलेल्या माणसाला हे इतकं ओळखीचं वाटतं की तो नारळपाण्यापासून दुपारच्या बियरपर्यंत सगळं मांडत जातो. फरक एवढाच की आपला वाणी दिवाळीपर्यंत थांबतो. कार्ड एकाच व्यक्तीकडे ठेवावं आणि ती व्यक्ती आजी असावी. वायफाय विकत घेऊ नये. फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावा, नाहीतर समुद्रावरचं नेटवर्क आपल्याला न विचारता पकडलं जातं आणि बिल लांज्याला आपल्या आधी पोचतं. स्टेटस घरी आल्यावर टाकावेत. बघणाऱ्यांना जळायला उशिराही हरकत नसते. छायाचित्रकार दर वळणावर फोटो काढतात. काढू द्यावेत. विकत घेऊ नयेत. कॅसिनोत शिरू नये, याचं कारण सांगायची गरज आहे असं वाटत नाही. पोहण्याचा तलाव मात्र फुकट आहे : समुद्राच्या मधोमध, समुद्रात न उतरता पोहण्याची सोय.

मुरगावला उतरल्यावर जहाजाच्या बसमधून सहलीला जाऊ नये, भाडं डोळे फिरवणारं असतं. ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे, मंगेशी म्हणा, शांतादुर्गा म्हणा, त्यांनी कदंबची बस धरावी, दर्शन उरकावं आणि कुलदेवतेची ठरलेली फेरी यातच मांडावी. एका खर्चात दोन कामं झाल्याचं समाधान क्रूझच्या कुठल्याच पॅकेजमध्ये विकत मिळत नाही.

आगाऊ बुकिंगला सूट असते. पण किती आगाऊ, हे आपण आपल्या समुद्राचा इतिहास बघून ठरवावं. मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि करोनात थांबली. जलेशची ‘कर्णिका’ २०१९ मध्ये आली, २०२० मध्ये सगळी कंपनीच बंद झाली. ‘एम्प्रेस’ तर मुळात १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधी दुसऱ्या नावाने अमेरिकी समुद्रात राबलेली. त्याच सुमारास आपल्या जैतापूर, मुसाकाजी, विजयदुर्गाच्या बोटींचा कायमचा निरोप झाला होता. त्या बोटींच्या डेकवर वळकटी पसरून, ट्रंकेला उशी टेकवून चाकरमानी मुंबईहून आले-गेले. बंदराला न लागणाऱ्या बोटीतून मचव्यात उतरताना पोरं कडेवर आणि कोंबड्या पिशवीत असत. कोणी बक्षिशी मागितली नाही आणि कोणी त्याला क्रूझ म्हटलं नाही. त्या काळी हे मार्गदर्शन लिहायची वेळ आली नसती, कारण बोटीने जाणं हाच स्वस्त मार्ग होता.

सगळं करूनही आकडा जमत नसेल तर शेवटचा उपाय. सकाळी लांज्याहून निघून, रत्नागिरीमार्गे जयगड गाठावं. जयगड ते तवसाळ फेरीबोट चालते. तीत गाड्या जातात, दुचाक्या जातात, कधी एसटीही जाते. माणसाचं तिकीट चहा-वड्याच्या पैशांत येतं. खाडीवरचा वारा जहाजावरच्या इतकाच खारट असतो, बाल्कनी सगळ्यांना असते, बाहेरचं खाणं न्यायला बंदी नाही आणि उपवासाचा प्रश्न येत नाही. पलीकडे उतरून चहा घ्यावा आणि त्याच बोटीने परत यावं. लांब पल्ल्याचं समाधान हवं असेल तर पुढे धोपावे ते दाभोळ अशी दुसरी फेरीही आहे. तळलेले गरे बरोबर घ्या आणि सुट्टे पैसे असू द्या.