माल गिऱ्हाइकाचा

भाषणकला शिकवणारा डेल कार्नेगी म्हटलं की मला सुटाबुटातला यशस्वी माणूस दिसत नाही, झुरळं दिसतात. न्यूयॉर्कच्या पश्चिम ५६व्या रस्त्यावर त्याची भाड्याची खोली होती. भिंतीवर टाय टांगलेले. सकाळी एखादा ओढला की झुरळं दाही दिशांना पळायची, असं त्यानंच लिहून ठेवलंय. तेव्हा हा गृहस्थ मालट्रक विकत होता आणि ट्रक चालतो कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याला ते ठाऊक असावंच असं कुठं आहे म्हणा! विम्याची पॉलिसी विकणाऱ्यानं ती वाचलेली असते, अशी माझी तरी समजूत नाही.

त्याआधी मात्र तो पक्का विक्रेता होता. मिसूरीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. पोस्टानं शिकवायचे अभ्यासक्रम विकायला नेब्रास्कात गेला आणि हॉटेलच्या पलंगावर पडून चक्क रडला. मग आर्मर कंपनीचं बेकन, साबण आणि डुकराची चरबी विकत साउथ डकोटात हिंडला. दुकानदाराकडे रोकड नसली, तर पठ्ठ्या त्याच्याच फळीवरचे डझनभर बूटजोड उचलायचा, रेल्वे कामगारांना विकायचा आणि पैसे कंपनीला धाडायचा. वसुलीची ही तऱ्हा आपल्याकडच्या भल्याभल्यांना सुचलेली नाही. २९ विक्रीमार्गांत २५वा असलेला त्याचा मार्ग पहिला आला. कंपनी बढती द्यायला निघाली, तर हा नोकरी सोडून नट व्हायला न्यूयॉर्कला! एका नाटकाबरोबर गावोगाव फिरला, तिथंच नटपण संपलं. म्हणून ट्रक, म्हणून झुरळं.

१९१२ साली त्यानं वायएमसीए या संस्थेत भाषणकला शिकवायला वर्ग मागितला. रात्रीचे दोन डॉलर द्यायलाही संस्थेचे लोक तयार नव्हते. कमिशनवर ये म्हणाले. आला. पहिल्याच वर्गात जवळचं सगळं सांगून संपलं. फळी रिकामी आणि गिऱ्हाईक समोर! तेव्हा त्यानं समोरच्यांनाच उभं केलं. कशाचा राग येतो ते बोला म्हणाला. एरवी चारचौघांत ततपप करणारी माणसं रागाच्या भरात भीती विसरून बोलू लागली. माझ्या मते खरा शोध लागला तो इथं. बेकन आणायला गाडी लागते; हा माल गिऱ्हाईक घरून घेऊन येतं आणि वर फीही भरतं. तीन वर्षांत ते कमिशन रात्रीला तीस डॉलरवर गेलं. मित्र कसे जोडावेत हे सांगणारं त्याचं पुस्तक आलं १९३६ साली. ते आता मराठीतही मिळतं.

हल्लीचे प्रेरणादायी वक्ते मात्र कानाला माइक लावून दोन-दोन तास एकटेच बोलतात. 'हो की नाही?' एवढंच आपल्या वाट्याला. कार्नेगीनं निदान गिऱ्हाइकाला बोलू दिलं. तेव्हा अशा कार्यक्रमाचं तिकीट काढलंच असेल, तर हात वर करा आणि विचारा, "साहेब, याआधी आपण काय विकत होता?" सरळ उत्तर आलं, तर बसून ऐका. उत्तर टाळून टाळ्या मागितल्या, तर खुशाल उठा.