सबमिट बटणाचे उपविधी

‘सोसायटीची एक छोटी वेबसाइट करून दे ना, तुला काय, दहा मिनिटांचं काम’ या वाक्याला ज्यांनी ज्यांनी मान डोलावली आहे, त्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की पुढील उपविधी त्यांना तात्काळ लागू होत आहेत. हरकती लेखी द्याव्यात. फॉर्ममधून देऊ नयेत, तो बंद आहे.

कलम १. सेक्रेटरी काकांचा फोन येईल : “अरे, फॉर्म जात नाही.” यावर “कॅशे क्लिअर करा” असं म्हणू नये. मी म्हटलं. काका म्हणाले, “कॅश क्लिअरच आहे, मार्चमध्येच ऑडिट झालं.”

कलम २. स्वतः ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडावा आणि आधी ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करावी. नाहीतर रिडायरेक्ट होताक्षणी आधीच्या ओळी पुसल्या जातात आणि पंचनाम्याला काही उरत नाही. मग बटण दाबावं. एकही ओळ उमटली नाही तर फॉर्म घरातून निघालेलाच नाही. पोस्टची ओळ आली आणि तिच्यासमोर तीनशेच्या घरातला आकडा असेल, तर सर्व्हरने त्याला दुसरीकडे पाठवलंय. कुठे, ते ‘लोकेशन’ या हेडरमध्ये लिहिलेलं असतं. एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं. मी ते सहसा दोन तास चिडचिड करून झाल्यावर पाहतो.

कलम ३ (तिरक्या रेघेबाबत). आमच्या तक्रार-फॉर्मचं असं व्हायचं की सगळं भरून बटण दाबलं की समोर पुन्हा कोरा फॉर्म. एरर नाही, काही नाही. मी सर्व्हर दोनदा चालू-बंद केला, होस्टिंगवाल्याला शिव्या घातल्या, काकांच्या फोनवर संशय घेतला. काकांनी मात्र वहीत टिपून ठेवलं होतं : ‘११.४० वाजता दाबलं. फॉर्म कोरा. वर पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त आली.’

बरोबर तीच रेघ. फॉर्म ज्या पत्त्यावर जातो त्याच्या शेवटी मी स्लॅश दिला नव्हता. अशा वेळी जँगो, म्हणजे ही साइट ज्या फ्रेमवर्कवर चालते ते, ३०१ देऊन स्लॅशवाल्या पत्त्यावर पाठवतो, आणि ब्राउझर तिथे जातो तो गेट म्हणून, हात हलवत. सरकारी कचेरीत ‘शेजारच्या खिडकीत जा’ म्हणतात आणि आपण अर्ज पहिल्याच खिडकीत ठेवून जातो, शेजारचा आपल्याला नवा कोरा अर्ज देतो, तसंच. कागद बरोबर न्यायचे असतील तर ३०७ किंवा ३०८ लागतो. डीबग चालू असता तर जँगोने ताडकन एरर देऊन हेच सांगितलं असतं. पण मी तो ‘छोटासा बदल’ रात्री साडेबाराला थेट लाइव्ह सर्व्हरवर केला होता, जिथे डीबग बंद असतो. असावाच.

काकांना हे सांगितलं नाही. त्यांना वाटतं, होस्टिंगवाल्याने दुरुस्त केलं.

कलम ४. रकान्याला ‘नेम’ नसेल तर त्यातला मजकूर सर्व्हरला पोचत नाही, आयडी कितीही सुंदर असो. ‘डिसेबल्ड’ रकानाही जात नाही. फ्लॅट नंबर कुणी बदलू नये म्हणून मी तो डिसेबल्ड केला होता. आठवडाभर बिनफ्लॅटच्या तक्रारी आल्या. ‘रीडओन्ली’ लिहावं.

कलम ५. तक्रार नोंदली की लगेच ३०३ देऊन दुसऱ्या पानावर न्यावं. नाहीतर पान रिफ्रेश केल्यावर ब्राउझर विचारतो, ‘माहिती पुन्हा पाठवू का?’ आणि काका सभ्य गृहस्थ असल्याने हो म्हणतात. बी विंगच्या मोटरची एकच तक्रार पाच वेळा आली ती यामुळे. दोनदा दाबणाऱ्यांवर मात्र ३०३ चालत नाही, दोन्ही अर्ज तोवर निघालेले असतात. तिथे पहिल्या दाबासरशी बटण बंद करावं, आणि दुसरा अर्ज सर्व्हरनेही ओळखावा.

कलम ६. लॉगिनचं पान मुख्य पानाकडे पाठवतं, मुख्य पान लॉगिनकडे. बहुधा कुकी टिकत नसते. वरचा म्हणतो पाइप खालच्याचा, खालचा म्हणतो वरच्याचा. क्रोम वीस रिडायरेक्टनंतर हात टेकतो. आमच्या जिन्यातली गळती चौथ्या वर्षात आहे.

कलम ७. नुसतं करून बघायला म्हणून ३०१ कधीही देऊ नये, ३०२ द्यावा. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतसुद्धा नाही. मी फॉर्मचं पान एकदा ‘जरा बघू’ म्हणून ३०१ने नोटीस बोर्डाकडे वळवलं. पाच मिनिटांत काढलं. तेवढ्यात काकांनी ते उघडलं होतं. त्यांच्या फोनवर फॉर्म म्हटलं की अजून गणेशोत्सवाची वर्गणीच येते.

यावर साधा उपाय म्हणजे कॅशे क्लिअर करणे. काका ऐकायला तयार नाहीत. ऑडिट झालंय म्हणतात.

तोवर सभासदांनी तक्रारी वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहाव्यात. वही दोरीने बांधलेली आहे. पेन घरून आणावं.