बगरूचं कापड काय खातं?

मराठे बगरूला गेल्याची इतिहासातली ठळक नोंद १७४८ सालची आहे, आणि ते खरेदीला गेले नव्हते. जयपूरच्या गादीवरून सवाई जयसिंगाच्या दोन मुलांत भाऊबंदकी पेटली होती. थोरला ईश्वरीसिंग गादीवर, धाकटा माधोसिंग दारात. भावाभावांचं भांडण आणि त्यात मराठी माणूस पडला नाही, असं होणं शक्यच नव्हतं. मल्हारराव होळकर धाकट्याच्या बाजूने उतरले. थोरल्याच्या मदतीला भरतपूरचा सूरजमल जाट आला. ऐन ऑगस्टात, पावसात, चिखल तुडवत लढाई झाली. ईश्वरीसिंग बगरूच्या कोटात अडकला आणि अखेर तह होऊन माधोसिंगाला परगणे, बुंदीवर हक्क सांगणाऱ्या उमेदसिंगाला बुंदी आणि आपल्या लोकांना पैशाचा वायदा मिळाला. त्या वायद्याची वसुली पुढे दोनच वर्षांत कोणत्या थराला गेली आणि ईश्वरीसिंगाचा शेवट कसा झाला, ते या सदराच्या प्रकृतीला मानवणारं नाही.

हल्ली आपण टूरच्या बसमधून जातो. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर बगरू लागतं. पुष्करला निघालेली बस तिथं ‘फक्त अर्धा तास’ थांबते आणि मंडळी छिपा मोहल्ल्यात, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत, घुसतात. चादरीची किंमत ऐकल्यावर मराठी कुटुंबाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, “पंचवीस टक्के कमी करा.” पंचवीस टक्के म्हणजे बरोबर चौथाई. ती कबूल झाली की, “अहो, आम्ही एवढे लांबून आलोय, अजून दहा टक्के तरी,” म्हणजे सरदेशमुखी. राज्य गेलं, फौज गेली, घोडीही गेली. दर मात्र जसेच्या तसे राहिले. आमच्या आत्याने शाळा चौथीत सोडली, इतिहासाचं पुस्तक तिने कधी उघडलं नाही. तरी परवा तिने एका छिप्याकडून दोन चादरींवर पस्तीस टक्के वसूल केले, तेव्हा शनिवारवाड्यात कुणीतरी समाधानाने मान डोलावली असणार.

आत्याचा मुलगा नोकरीमुळे जयपुरात असतो. त्याला मी दादा म्हणतो. वहिनींना आरोग्य म्हणतात. म्हणजे त्यांच्यासमोर दुसरा विषय निघत नाही. त्यांच्या घरात साखर येत नाही, गूळ येत नाही (‘शेवटी तीही साखरच’), गहू ग्लुटेनमुळे बंद, तूप मात्र मधे बंद होऊन एका व्हिडिओमुळे पुन्हा सुरू झालेलं. दादा रोज सकाळी एका मोठ्या डब्यातली पावडर हलवून पितो. डब्यावर एका माणसाचे दंड आहेत. दादाचे अजून नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत या प्रोटीनच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. मी ते दादाला दाखवलं. “सरकारी संस्था आहे,” तो म्हणाला, “त्यांना काय कळतंय?” त्याच सूत्रांमध्ये जेवणाबरोबर चहा नको असंही म्हटल्याचं आत्याला सांगितलं, तेव्हा मात्र मायलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तर हे सगळं आरोग्य घेऊन आम्ही बगरूतल्या एका कारखान्यात पोचलो. कारखाना म्हणजे घरच. खाली ठसे मारायची लांब टेबलं, मागे हौद आणि भट्टी, वर वाळणारी कापडं. तिथला म्हातारा छिपा कापड कसं तयार होतं ते सांगू लागला. आत्याला हिंदी जेमतेम कळतं, पण त्याच्या यादीतला एकेक जिन्नस तिला नावानिशी कळत होता. कोरं कापड धुऊन, खळ काढून आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. पिवळट झालं की वाळवायचं. काळ्या रंगासाठी घोड्याचे जुने नाल आणि भंगार लोखंड मडक्यात घालून त्यात गूळ नि पाणी, आणि पंधरवडाभर ते आंबू द्यायचं. हिरडा प्यालेल्या कापडावर या पाण्याचा ठसा पडला की काळा कुळकुळीत रंग उमटतो. या काळ्याला तिथं स्याही म्हणतात. तांबड्यासाठी तुरटी, तिचं नाव बेगार. पुढे ते कापड तांब्याच्या हंड्यात रंगासकट उकळताना धावडीची फुलं टाकतात, म्हणजे डाग न पडता सारखं रंगतं. ठशाचा रंग पसरू नये म्हणून चिंचोक्याची खळ. पिवळ्याला हळद, डाळिंबाची साल.

आणि मग दाबू. तळ्याची काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ कालवून त्याचा चिखल करायचा. या किडक्या पिठाला बीधण म्हणतात. ठशाने हा चिखल कापडावर लावायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरवायचा, वाळवायचं आणि निळीच्या खोल हौदात सोडायचं. चिखल जिथं बसला तिथं नीळ शिरत नाही, तेवढी नक्षी कोरी राहते.

आत्या खाली बसली. “अरे, हे तर आमचं फडताळ आहे,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं. तिच्या आईच्या घरी हिरडा बाळाच्या गुटीत उगाळला जायचा, डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडायचा, उन्हातून आलेल्याच्या हातावर पाण्याआधी गुळाचा खडा ठेवायचे, आणि चिंचोके पोरं भाजून खायची. त्या फडताळातलं वहिनींच्या ओट्यावर आता काहीही उरलेलं नाही. सगळं बगरूला आलं आहे. माणसांनी सोडलेला आहार कापडाने धरलाय, आणि त्याचा रंग बघा! आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे दुधी भोपळ्याच्या रसाचे. शिवाय कापडाचा दिनक्रमही काटेकोर: हिरडा झाल्याशिवाय लोखंड नाही, ऊन मिळाल्याशिवाय पुढचा हौद नाही, दोन बुडींच्या मधे काही तोंडात टाकायचं नाही. हाच उपास वहिनी मोबाइलमध्ये गजर लावून करतात आणि आत्या एकादशी म्हणून करते. फरक इतकाच, की आत्याच्या उपासात साबुदाण्याची खिचडी असते, वड्याबरोबर.

आता कुणी म्हणेल, बगरूत तरी सगळं अस्सल कुठं राहिलंय? नाहीच राहिलं. मंजिष्ठाच्या मुळांऐवजी कारखान्यातलं अ‍ॅलिझरीन केव्हाच आलं. बगरूच्या ठसेकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी स्क्रीनवर छापलेलं ‘बगरू’ तुम्हाला डोंबिवलीच्या पुलाखालीही मिळेल. पण म्हाताऱ्याने ते लपवलं नाही. हे नैसर्गिक, हे नाही, असं बोट दाखवून त्याने सांगितलं. सकाळच्या सीरियलच्या खोक्यावर इतक्या सरळपणे कुणी बोललेलं मी अजून वाचलेलं नाही.

आणि आहार ही तर सध्या राष्ट्रीय बाब आहे. वर्तमानपत्र उघडा, पहिल्या पानावर काहीतरी शिजतच असतं. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात बाजरीला ‘श्री अन्न’ अशी पदवी मिळाली. देशात सर्वांत जास्त बाजरी पिकवणाऱ्या राजस्थानात जी भाकरी गरीब म्हणून शेतकऱ्याच्या ताटात बसली होती, तिला जयपूरच्या हॉटेलात खुर्ची मिळाली आणि बिलात तिची किंमत बघून शेतकऱ्याला घेरी यायची वेळ आली. डिसेंबर २०२४ मध्ये याच राजस्थानात, जैसलमेरला, देशातल्या अर्थमंत्र्यांची जीएसटी परिषद भरली आणि मक्याच्या लाह्यांचा निवाडा झाला: मीठमसाल्याच्या सुट्या लाह्यांना ५ टक्के, त्याच पाकीटबंद असतील तर १२ आणि साखरेच्या पाकातल्यांना १८. लाहीने कुठं नि कोणत्या कपड्यात उठबस करावी, यावर तिची जात ठरली. मे २०२५ मध्ये जयपुरातल्या काही हलवायांनी देशभक्ती म्हणून मिठायांच्या नावातला ‘पाक’ काढला. मोतीपाकाचा ‘मोती श्री’ झाला, म्हैसूरपाकाचा ‘म्हैसूर श्री’, आणि डिंकाचा गोंदपाकही ‘गोंद श्री’ होऊन बसला. साखर मात्र तेवढीच राहिली, ती सीमेवरून हटली नाही.

नागपूरकरांचं दुःख तर वेगळंच. जुलै २०२५ मध्ये बातमी आली, की तिथल्या एम्सच्या उपाहारगृहात समोसा-जिलेबीशेजारी तेल-साखरेचं प्रमाण सांगणाऱ्या पाट्या लागणार. चॅनेलांनी लगेच समोशाला सिगारेटच्या ओळीत उभं केलं. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की असा कोणताही इशारा भारतीय पदार्थांवर छापायचा नाही, हा फक्त सर्वसाधारण सल्ला आहे. खुलासा आला त्या दुपारी माझ्या नागपूरच्या मावसभावाने तर्री-पोह्यांचा फोटो पाठवला. पोहे दिसत नव्हते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी वापरण्याचं आवाहन केलं होतं. दहा टक्के! छिप्याकडून पस्तीस टक्के सोडवून घेणाऱ्या आमच्या घराला कढईकडून दहा टक्के सुटत नाहीत. म्हणजे सरदेशमुखी घ्यायची सवय आहे, द्यायची नाही. आत्याचं म्हणणं असं, की तेल कमी केलं तर परंपरा मोडते. वहिनींचं असं, की त्यांचं तेल लाकडी घाण्याचं आहे, ते मोजायचं नसतं. दादा एअरफ्रायर आणायच्या विचारात आहे. तो आला की त्यात भजी तळता येतील का, हे आत्याने मला हळूच विचारून ठेवलंय.

बगरूतल्या त्या कारखान्यात पुतणीला निळा कुर्ता आवडला. वहिनींनी तो हातात घेतला, वास घेतला, शिवण बघितली. मग चिखलातला तो किडका गहू त्यांना आठवला. “भैया,” त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, “यह ग्लुटेन-फ्री है ना?”

म्हाताऱ्याला शब्द नवा होता. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या नातवाला नव्हता. तो बहुधा विमानतळावरून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलत असावा. “मॅडम,” तो म्हणाला, “धुलाई में सब निकल जाता है.” वहिनींचं समाधान झालं. आत्याने तेवढ्यात त्या किडक्या गव्हाचा भाव विचारला आणि त्यातही चौथाई मागितली. आपल्याकडे डब्यात कीड लागली की सगळा गहू फुकट जातो, इथं त्याला गिऱ्हाईक आहे, हे तिच्या मनात भरलं होतं. पुढच्या वेळी येताना घरचा किडका गहू घेऊन येऊ का, असंही तिने विचारलं.

भूक लागली होती म्हणून अजमेर रस्त्यावरच्या एका ढाब्यावर थांबलो. दाल-बाटी आली. वाढणाऱ्या पोराने बाटी तळहातात दाबून फोडली आणि तिच्यावर तूप ओतायला सुरुवात केली, आणि थांबायला कुणी सांगितलं नाही म्हणून तो थांबला नाही. वहिनींनी मोबाइल काढला. जे खाल्लं ते त्या लगेच अ‍ॅपमध्ये नोंदवतात. अ‍ॅप परदेशी, त्याला बाटी माहीत नव्हती. त्यांनी बराच शोध घेतला आणि शेवटी ‘डिनर रोल, छोटा, एक नग’ असं भरलं. तुपासाठी रकाना नव्हता. आकडा इतका कमी आला, की सगळ्यांनी चुरमा मागवला.